वाड्यात पळणारी गोष्ट फ्लॅटमध्ये का अडली

या वेळचं पत्र पाथर्डी फाट्यावरून आलंय. बरंच मोठं आहे म्हणून गाभा तेवढा देते.

"ताई, मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, वय पस्तीस, एक मुलगा. लहानपण जुन्या नाशकात गेलं, तिवंध्याजवळ वाडा होता, सात बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ, आम्ही भाडेकरू. पालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दर पावसाळ्यात यायची, एका वर्षी खरंच मागची भिंत बसली आणि सगळे पांगले. त्या वाड्यावर कादंबरी लिहायला घेतलीय. पहिली ऐंशी पानं झरझर झाली. मग गोष्टीतलं कुटुंब फ्लॅटमध्ये राहायला जातं आणि तिथून पुढं एक पान सरकत नाहीये, सहा महिने झाले. पुण्याची मैत्रीण म्हणते नाशिकचं कोण वाचणार, पुण्यात घडव. मिस्टर म्हणतात वर्णन कमी पडतंय, रामकुंड टाक, मिसळ टाक, द्राक्षं टाक. आणि माझी आत्या, जी नवऱ्याला सोडून वाड्यात परत आली होती, ती गोष्टीत आहे आणि ती वाचेल. काय करू? आणि झालंय तेवढं प्रकाशकाला पाठवून बघू का? सोबत सुरुवातीची पानं जोडतेय."

अगं, ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते, चालेल ना.

पहिलं म्हणजे घाबरू नको, तुझी गोष्ट आटलेली नाहीये. ती कुठं थांबली ते तू स्वतःच लिहिलंयस, कुटुंब फ्लॅटमध्ये गेलं आणि थांबली. आता जरा मागं जाऊन बघ की वाड्यात असताना ती एवढी का पळत होती. पानं वाचली मी, दोनदा वाचली. वाड्यात तुला सीन सुचायची वाटच बघावी लागत नव्हती. पहाटे नळाला पाणी येणार म्हणजे सात घरच्या बायका हंडे-कळशा घेऊन चौकात येणार, म्हणजे रात्री ज्या दोघींचं वाजलं त्या सकाळी रांगेत एकमेकींच्या मागंपुढं उभ्या राहणार, आवडो न आवडो. संडास मागच्या अंगाला, तिकडं जायचं तर जिन्याखालून, आणि जिन्याखाली सायकल लावतो तो वरच्या खोलीतला कॉलेजचा पोरगा, म्हणजे आत्या आणि तो पोरगा रोज दोन वेळा समोरासमोर येणार हे तू ठरवलंच नाहीस, जिन्याने ठरवलं. दोन बिऱ्हाडांच्या मधे नुसती फळ्यांची भिंत, त्यातून आवाज येतो पण चेहरा दिसत नाही, त्यामुळे तुझ्या तिसऱ्या प्रकरणात आजी अर्धंच वाक्य ऐकते आणि पुढची चाळीस पानं त्या अर्ध्या वाक्यावर चालतात. किती छान जमलंय ते! आणि ते तू घरात राहून शिकलीयस, कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, त्यात जागेबद्दल मला पक्कं कळलेलं जर काही असेल तर ते एवढंच की कोण कोणाला भेटणार आणि कोण कोणाला टाळूच शकणार नाही हे जागा ठरवते. वास, ऊन, देवळाची घंटा हे सगळं नंतर येतं आणि बहुतेक वेळा आपसूक येतं. फ्लॅटमध्ये गेल्या गेल्या तुझ्या माणसांना एकमेकांना टाळायची सोय झाली. दार लावलं की झालं. प्रत्येकाला आपापला नळ, आपापला संडास. मग गोष्ट हलणार कशी, हलवायला कोणी समोर यायलाच तयार नाही.

आता मैत्रिणीचं. नाशिकचं कोण वाचणार म्हणते ना ती, तिला सांग, या देशात जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेली असेल तिची मोठी कलाटणी लोकांनी आपल्या पंचवटीत आणून बसवलीय. शूर्पणखेचं नाक तपोवनात कापलं म्हणून दाखवतात, सीतागुंफेत अजूनही माणसं वाकून, अंग चोरून उतरतात. देवधर्म क्षणभर बाजूला ठेव आणि नुसती लिहिणारी बाई म्हणून त्या प्रसंगाकडं बघ. रान आहे, कुटी आहे, हरणामागं राम गेला. किती लांब गेला? इतका लांब की दिसत नाही, पण हाक ऐकू येते. मारीच रामाच्या आवाजात ओरडतो आणि ती हाक कुटीपर्यंत पोचते. थोडा अलीकडं असता तर सीतेला डोळ्यांनी खरं काय ते दिसलं असतं, थोडा पलीकडं असता तर ऐकूच आलं नसतं आणि लक्ष्मण जागचा हलला नसता. पुढचं सगळं, लंका, सेतू, युद्ध, वनवास संपल्यावरचंसुद्धा, त्या एवढ्याशा अंतरावर उभं आहे. आणि तुझ्या फळ्यांच्या भिंतीतून आजीला ऐकू येतं आणि दिसत नाही ते हेच अंतर आहे, फक्त तुझ्याकडं ते एका फळीएवढं जाड आहे. तेव्हा पुण्यात नेऊ नकोस. पुण्याचे वाडे तुला पाठ नाहीत, तिथं जिन्याखाली कोण सायकल लावतं ते तुला माहीत नाही, मग ते सगळं तुला रचावं लागेल आणि रचलेलं लगेच कळतं.

फ्लॅटवर येऊ. तू शोध की पाथर्डी फाट्याच्या त्या बिल्डिंगमध्ये काय टाळता येत नाही. लिफ्ट बंद पडते. टँकर येतो आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला कशाला वर्गणी. पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीमागं कोणाची तरी गाडी असते आणि अंबडच्या सकाळच्या शिफ्टला निघालेला माणूस सहा वाजता खाली उभा राहून वर फोन लावत असतो. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथं रात्री अकराला कोणीतरी काहीतरी टाकतं आणि डिलीट करतं, आणि सकाळी लिफ्टमध्ये त्या डिलीट केलेल्या मेसेजसकट दोन माणसं उभी असतात. हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर रोज चाललंय, तू ते बघत नाहीयेस कारण तुझ्या मनात कादंबरीची जागा म्हणजे वाडा, फ्लॅट म्हणजे कादंबरी संपल्यावर राहायची जागा. तसं नाहीये ते.

पण मला विचारशील तर नुसत्या फ्लॅटवर तुझी गोष्ट तरणार नाही, कारण ती मुळात सात बिऱ्हाडांची आहे आणि ती बिऱ्हाडं आता सिडको, इंदिरानगर, म्हसरूळ, जेलरोड अशी गावभर पांगलीयत. त्यांना परत समोरासमोर आणायचं तर दोन गोष्टी लागतील. एक, असं कोणीतरी जे अजूनही सगळ्यांच्या घरी जातं. आणि दोन, असे दिवस जेव्हा सगळ्यांना एकाच ठिकाणी यावंच लागतं.

पहिलं तर तुझ्याकडं आहेच गं! तुझ्या बाविसाव्या पानावर वाड्यातली भांडी घासणारी मावशी आहे, तिला तू चार ओळी देऊन सोडून दिलंस. ती कुठं गेली वाडा पडल्यावर? अशा मावशा कुठं जात नाहीत, त्या आपल्या जुन्या घरांच्या मागं मागं जातात. एक काम इंदिरानगरला, दोन सिडकोत, एक तुमच्याकडं, सकाळी सातला घरातून निघून रिक्षा, बस, पायी असं करत दुपारपर्यंत चार घरं. म्हणजे सातातली चार बिऱ्हाडं तिच्या हातून अजून जोडलेली आहेत. कोणाकडं नवीन फ्रिज आला, कोणाच्या सुनेने वेगळा गॅस घेतला, कोण रात्रीचं जेवत नाही, ते तिला खरकट्या भांड्यांवरून कळतं. बघ जरा, एका घरची चार ताटं होती ती तीन झाली, कोणी काही बोललं नाही, तिने घासली आणि पुढच्या घरी गेली. ते ती तिथं सांगते का नाही सांगत, एवढ्यावर तुझं एक अख्खं प्रकरण आहे. तिला मधे आण. आणि नुसती निरोप्या म्हणून नको, वाड्यातली तिची खोली कुठली होती, होती का, भिंत पडली तेव्हा तिला मोबदल्यात काय मिळालं, हे विचार. मला वाटतं ही कादंबरी निम्मी तिची आहे.

दुसरं, एकत्र यायचे दिवस. यात नाशिक तुला जेवढं देतं तेवढं फार कमी गावं देतात. आपल्याकडं रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. तू तिवंध्याची, तुला रहाड काय सांगायची, पण जे नाशिकचे नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिते. जुन्या गावठाणात पेशवाईच्या काळापासूनचे रंगाचे हौद आहेत, दगडी, माणूस बुडेल एवढे, ते वर्षभर बंद असतात, वर लाकडी ओंडके टाकून माती लोटलेली, त्यावरून रस्ता जातो, गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी ते उकरतात, साफ करतात, फुलांपानांपासनं उकळून केलेला रंग भरतात, पूजा होते आणि मग लोक वरनं धप्पा मारतात. आता लिहिणाऱ्याच्या नजरेने बघ. म्हसरूळला राहायला गेलेला माणूस, जेलरोडला गेलेला माणूस, ज्याचं तिथं आता घर नाही, जो मालकाशी कोर्टात भांडतोय, तो त्या दिवशी जुने कपडे घालून तिवंध्यात येणारच. आणि रंगातनं वर आलेली सगळी माणसं एका रंगाची दिसतात, दोन मिनिटं कळतच नाही कोण कोण आहे. मालकाचा मुलगा आणि भाडेकरूचा मुलगा, दोघं वर्षभर वकिलामार्फत बोलतात, आणि एकाने दुसऱ्याला हात देऊन बाहेर ओढलं, कोण आहे ते न कळता. मी तुला फुकट देतेय हा सीन, वापर.

धुळवडीला वीर असतात. ज्या घरात वीराचा टाक आहे, म्हणजे देव्हाऱ्यात वीर झालेल्या पूर्वजाची धातूची प्रतिमा आहे, ते घर कुठंही राहायला गेलेलं असो, त्या दिवशी टाक घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, येणार, वाजतगाजत. दाजीबा वीराची मिरवणूक तर तू पाहिलीच असशील, बाशिंग बांधलेला, हळद लागलेला, लग्नाच्या आधीच वाटेत मारला गेलेला नवरदेव अशी त्याची कथा सांगतात आणि लोक त्याला नवस बोलतात, लग्न जमू दे म्हणून. नवरा सोडून माहेरी आलेल्या तुझ्या आत्याला घरचे त्या गर्दीत कशासाठी उभं करतात, आणि ती काय म्हणून उभी राहते, विचार कर. मी यावर जास्त बोलत नाही, तुझं तुला दिसेल.

आणि पूर. पूर आला की नाशिक घरात बसत नाही, होळकर पुलावर जातं. तुझ्या मिस्टरांच्या वर्णनाच्या मुद्द्याचंही उत्तर इथंच देऊन टाकते. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं वर्णन तू कधीही करू नकोस, तो किती उंच, कुठल्या दगडाचा, काही नको. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर विचारू दे, "मारुती कुठवर?" आणि पलीकडनं उत्तर, "कमरेच्या वर गेलं." बास. ज्याला नाशिक माहीत आहे त्याचं पोट आतून हलेल आणि ज्याला माहीत नाही त्यालाही कळेल की ही माणसं नदीला या मारुतीवर मोजतात. छातीला, गळ्याला, मग सरकारवाड्याच्या पायऱ्या, मग नारोशंकराची घंटा, ही जुनी मापं. त्याच घरात नातू मोबाईल बघून सांगतो गंगापूर धरणातून अमुक क्युसेक सोडलं. दोघं एकाच पाण्याबद्दल बोलतायत आणि एकमेकांचं कळत नाही. आजी १९६९ चा पूर बघितलेली, तुझी आई २००८ चा, सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरलेलं तिच्या डोळ्यांसमोर, आणि नातू क्युसेकवाला. तीन माणसं, एक नदी, आणि दुपारचं जेवण व्हायचंय अजून. हे झालं वर्णन. तुझे मिस्टर जे म्हणतात, लोकांना नाशिक दिसलं पाहिजे, ते मनापासून म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, पण ते कोणाच्या तरी अडचणीतून दिसलं पाहिजे. मिसळ पण घाल की, मळ्यातल्या मिसळीला रविवारी अख्खी सोसायटी गेली आणि तिथं टेबलाशी वाड्यातलं जुनं कोणीतरी वाढायला आलं, तर घाल. नुसती तर्री दाखवायला नको.

एक सगळ्यात मोठा दिवस राहिला. दशक्रिया. तुझ्या पानांत मालकीणबाई आहेत, सगळे त्यांना जिजी म्हणतात. त्या गेल्या असं समज. दहाव्याला गोदाघाटावर सात बिऱ्हाडं येणार, ज्यांच्यावर त्यांनी खोली खाली करायची केस टाकली ती पण येणार, कारण न येणं आपल्यात जमत नाही. पिंड मांडले, सगळे मागं सरकले आणि कावळा शिवेना. आता आपल्याकडं काय करतात तुला माहीतच आहे, एकेक जण हात जोडून पुढं होतो आणि मोठ्याने कबूल करतो, धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, अमकीला अंतर देणार नाही, आई तू काळजी करू नको. घरात चार भिंतींच्या आत ज्यावर वर्षानुवर्षं भांडले ते माणसं तिथं उघड्यावर, परक्यांदेखत कबूल करतात, आणि कावळा तरी येत नाही. म्हणजे जिजीचा जीव कशात अडकलाय ते अजून कोणी बोललेलंच नाही. ते कोणाला माहीत आहे? भांडी घासणाऱ्या मावशीला? ती तिथं पुढं होऊ शकते का, तिला कोणी होऊ देईल का? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि सगळे घाईने जेवायला जातात, पण वाचणाऱ्याच्या डोक्यातनं ते जात नाही. हा प्रसंग नाशिकच्या घाटावरच घडू शकतो असं मी म्हणत नाही, दशक्रिया सगळीकडं आहेत, पण तुझी माणसं ज्या नदीच्या काठी पांगली तिच्याच काठी ती परत उभी राहतील, त्याचं वजन वेगळं आहे.

मावशीला पुढं होऊ देतील का हे मी सहज नाही लिहिलं. तुझ्या पानांत एक गोष्ट मला खटकली आणि ती मी सांगणारच, कारण तू लिहिणारी आहेस म्हणून. तुझ्या वाड्यात सगळे सगळ्यांकडं जातात असं वाटतं. खरंच जायचे का गं? कोण ओसरीपर्यंत, कोण चौकापर्यंत, कोण माजघरात, आणि कोण दिंडी दरवाज्यातच उभं राहून हाक मारायचं? कोणाचा कप वेगळा कोनाड्यात ठेवलेला असायचा? हे प्रत्येक वाड्याला होतं. आणि आपण त्या गावात लिहितोय जिथं २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं चालवला, मंदिराच्या चारही दरवाज्यांवर माणसं बसली, आणि वर्षानुवर्षं बसली, तरी दार उघडलं नाही. तुझ्या वाड्यापासनं ते मंदिर नदी ओलांडली की चालत जायच्या अंतरावर. ज्या गावाचा इतिहास एका दाराशी एवढा अडलाय त्या गावातल्या वाड्याचं दार तू नुसतं नक्षीदार लिहिलंस तर ते अर्धं राहतं. भाषण नको करूस, कोणाच्या तोंडी विचार घालू नकोस. फक्त दाखव की मावशी पाणी कुठून प्यायची. तेवढं एक लिहिताना हात थांबेल तुझा, थांबू दे, पण लिही.

आता वेळेबद्दल थोडं, कारण निफाडचा मामा मधेच येतो आणि मधेच गायब होतो, तुझ्या सोयीने. मामा असा येऊ शकत नाही. द्राक्षवाल्याचं कॅलेंडर छाटणीपासून चालतं, त्याला विचार आज काय तारीख तर तो तारखेआधी सांगेल की बागेला पंचेचाळीसावा दिवस आहे. ऑक्टोबरची छाटणी, मग डावणी रोगाची भीती, पाऊस पडला की रात्री बॅटरी लावून फवारणी, डिसेंबरात निफाडला थंडी एवढी उतरते की बागेत शेकोट्या पेटवतात, आणि फेब्रुवारी-मार्चात माल काढायला व्यापारी दारात. म्हणजे रंगपंचमीला बहीण कितीही बोलवो, मामा येणारच नाही, बागेत मजूर लागलेत आणि गाडी भरायचीय. ती रुसेल. तो रुसवा तुझ्या कथानकाला फुकट मिळतोय आणि तू मामाला रहाडीत उडी मारायला लावलीस! बदल ते. आत्याचं कॅलेंडर वेगळं, ती जुन्या नाशिकची, ती सिंहस्थ मोजते. "२००३ च्या सिंहस्थात मी परत आले, २०१५ ला बाबा नव्हते, आता २०२७." बारा बारा वर्षांच्या उड्या. आणि तुझा मुलगा युनिट टेस्ट मोजतो. हे तिघं एका घरात चहा पीत असले तरी तिघांचे दिवस वेगळे चाललेले असतात, ते संवादात आपोआप उतरू दे.

बोलण्याचं पण तसंच. सगळी माणसं तुझ्यासारखी बोलतात सध्या. मामा "काय करू राहिली गं" म्हणेल, सटाण्याकडची आत्याची सासू रागावली की अहिराणीत जाईल, सुरगाण्याहून आलेला वॉचमन फोनवर घरच्यांशी बोलतो ते तुला अर्धंच कळेल आणि ते अर्धंच लिही. दर वाक्यात नको, माणूस आला की एक-दोन ठिकाणी पुरतं, वाचणाऱ्याच्या कानात राहतं ते.

आत्याचं. यात मी फार लांबण लावत नाही, मला यात शंका नाही. तू चौकात खेळताना जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, कानांनी ऐकलंस, ते तुझं आहे. आत्याने रात्री जवळ घेऊन तुला एकटीला सांगितलं असेल ते तिचं आहे, ते तिला विचारल्याशिवाय छापू नकोस, नाव बदललं तरी नको, गाव बदललं तरी नको. लिहिताना सगळं लिही, हात आखडू नकोस, नाहीतर गोष्टीतली आत्या लाकडाची होईल. पूर्ण झाल्यावर, कोणालाही पाठवायच्या आधी, तिच्याकडं जा आणि तिची प्रकरणं तिला वाचून दाखव. मोठ्याने. ती नाही म्हणाली त्या ओळी काढ. बहुतेक आत्या असं म्हणतात की हे असं नव्हतंच झालं, आणि मग खरं काय झालं ते सांगतात, जे तुझ्यापेक्षा चांगलं असतं. पण त्या आशेने जाऊ नकोस, परवानगी मागायलाच जा.

वाचायचं म्हणशील तर सावानात जात जा, आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, जुनी वर्तमानपत्रं, जुनी पुस्तकं, १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर मागून बघ, कुठल्या पेठेत कोण काय विकायचं असलं बारीकसारीक त्यात असतं. फक्त एक कर, तिथं सापडलेलं जे तुझ्या एकाही पात्राला माहीत असायचं कारण नाही ते वहीतच ठेव. पेशवाईतला सन तुझ्या नळावरच्या बाईला माहीत नसतो, तिला एवढंच माहीत असतं की हा चौक उन्हाळ्यात दुपारी दोनपर्यंत तापत नाही.

आता सहा महिन्यांची ती अडलेली फाईल. ती उघडूच नकोस लगेच. एक मोठा कागद घे, मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला चालेल, आणि वाडा काढ. सुंदर नको, नुसत्या रेघा. नळ कुठं, आड कुठं, जिना, संडास, सात दारं, आणि मग प्रत्येक दारातून कोण कोणाला दिसतं त्या रेघा. शेजारी आताचं गाव काढ, सात घरं पांगलेली, पाथर्डी फाटा ते म्हसरूळ, आणि मावशीचा रोजचा रस्ता त्यावर ओढ. जिथं रेघा एकमेकांना छेदतात तिथं काहीतरी घडणार आहे, तेवढ्याच जागा लिहायला घे आणि क्रमाने नको, जी सगळ्यात जास्त बोलावते ती आधी. फ्लॅटमध्ये सामान लावतानाचं ते प्रकरण, ज्याच्यावर तू सहा महिने डोकं आपटतेयस, ते कदाचित लागणारच नाही. एका ओळीत होईल ते. माणसं फ्लॅटमध्ये गेली. झालं.

आणि प्रकाशकाला आत्ता नाही पाठवायचं. अर्धी कादंबरी पाठवली की उत्तर काहीही येवो, तू ते उत्तर डोक्यात ठेवून उरलेली लिहिशील. पूर्ण कर. मग दोन प्रती काढ, एक त्या वाड्यात राहिलेल्या कोणाला दे, शक्यतो ज्याच्याशी तुझं फारसं बोलणं नाही अशाला, आणि एक पुण्याच्या त्या मैत्रिणीला, जिने तिवंधा कधी पाहिला नाही. दोघांनाही सांग की मत नको, फक्त जिथं वाचायचं थांबलात, फोन बघितलात, चहा करायला उठलात तिथं पेन्सिलने खूण करा. वाडेकरी थांबला आणि मैत्रीण नाही थांबली तर बहुतेक तिथं तू वाड्याबद्दल काहीतरी चुकीचं लिहिलंयस, जाऊन बघून ये. मैत्रीण थांबली आणि वाडेकरी नाही तर तिथं तू आठवणीवर भागवलंयस. आणि दोघंही एकाच पानावर थांबले असले तर ते पान पुन्हा लिहायचं, मग मला पाठव, मी वाचते.